ओव्यांची राखण

२०२५ साली भाऊबीज २३ ऑक्टोबरला आली. ओवाळणं झालं, फराळ झाला आणि धाकट्या भावाने नेहमीसारखी माझ्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढली. कराडात त्याचं दुरुस्तीचं दुकान २००३ पासून आहे. माझ्याकडे आला की सीपीयूचं झाकण काढून धूळ उडवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. लेकही दिवाळीला पुण्याहून आलेली. ती एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते आणि तिचे सगळे सर्व्हर लिनक्सवर चालतात. मामा-भाचीचं एरवी अगदी गूळपीठ, पण या एका विषयावर दोघांचं कधी जमलं नाही. त्या दुपारी विषय निघाला तो माझ्यामुळे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीची सुरक्षा-अपडेट देणं थांबवलं. माझा कॉम्प्युटर २०१७ सालचा, आतला इंटेलचा प्रोसेसर सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. यंत्र धडधाकट आहे, भावाने एसएसडी बसवून दिल्यापासून तर पटकन सुरू होतं. पण नऊ दिवसांपूर्वी ते एका अर्थी उघड्यावर पडलं होतं. आणि त्यात काय आहे हे त्या दोघांनाही माहीत आहे. पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर वीस वर्षं फिरून लिहून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. तीन हजारांवर ओव्या, शंभरेक बायकांचे आवाज. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायका आज नाहीत, आणि त्यांच्या सुनांच्या घरी जातंही नाही.

"आई, मी आजच लिनक्स मिंट टाकते," लेक म्हणाली. "मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. याच यंत्रावर, एक रुपया न घालता."

"आणि ती उद्या अडली तर?" भाऊ म्हणाला. "तू पुण्यात. कराडात लिनक्स बघणारा माणूस सांग एक."

"मामा, आपण सोयीचं बोलतोय की सुरक्षिततेचं?"

"घरच्या कॉम्प्युटरला दोन्ही वेगळं नसतं. अडलेला माणूस कोणाच्याही हातात यंत्र देतो. नेटवर नंबर शोधतो, पलीकडचा म्हणतो हे ॲप टाका, स्क्रीन दाखवा, आणि खातं रिकामं होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे रडत आलेली माणसं बहुतेक अशीच फसलेली. त्यांना मी आधी १९३० ला फोन लावायला लावतो, कॉम्प्युटर नंतर बघतो. त्यात विंडोज काय आणि लिनक्स काय."

हे त्याचं जुनं मत. बावीस वर्षं त्याने गावातली बिघडलेली यंत्रं उघडली आहेत, आणि त्याचा हिशेब साधा आहे: व्हायरस यंत्रात शिरत नाही, माणूस त्याला आत घेतो.

"तीन कारणं," तो म्हणाला. "एक, चोरीचं विंडोज. ते चालू करायला ॲक्टिव्हेटर लागतो, आणि त्याच्याबरोबर सूचना असते की आधी अँटिव्हायरस बंद करा. लोक करतात! मग अपडेटही बंद ठेवतात, चोरी पकडली जाईल म्हणून. दोन, पेनड्राइव्ह. तीन, स्वतःच्या हाताने उतरवलेली फाइल. पहिलं कारण तर आमच्या धंद्यानेच घरोघरी पोचवलं. सुरुवातीची काही वर्षं मीही गिऱ्हाइकांना तसंच विंडोज मारून दिलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण ही तीन कारणं काढून टाक. अस्सल विंडोज, चालू अपडेट, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून आतच येणारा डिफेंडर. त्या यंत्राला काही होत नाही."

"तू २००३ सालची ती गोष्ट सांगतोस ना, ब्लास्टरची? ती आज पुन्हा सांग."

त्याने माझ्याकडे बघितलं. ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दुकान उघडून दोन महिने झालेले. ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा, स्वतःच पसरणारा व्हायरस जगभर सुटला. नवंकोरं एक्सपी टाकायचं, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचं, आणि अपडेट उतरून व्हायच्या आत स्क्रीनवर चौकट यायची: साठ सेकंदांत कॉम्प्युटर बंद होईल. उलटी मोजणी सुरू. गिऱ्हाईक समोर उभं, आणि भावाला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय.

"त्या गिऱ्हाइकाने काय उघडलं होतं?" लेकीने विचारलं.

"काही नाही. नुसतं नेट जोडलं होतं."

"चोरीचं विंडोज होतं म्हणून झालं?"

"नाही. अस्सल होतं त्यांनाही झालं. दुरुस्ती जुलैतच निघालेली, पण ती उतरवायलाच नेट लागायचं."

"मग थांबलं कसं?"

"पुढच्या ऑगस्टमध्ये सर्व्हिस पॅक २ आला. फायरवॉल आधीही होती, पण बंद असायची. सर्व्हिस पॅकने ती आपोआप चालू केली. त्यानंतर..." भाऊ थांबला. तिचा रोख कुठे आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"त्यानंतर तसे फोन यायचे थांबले. मामा, माणसं तीच होती. एका वर्षात कराडची माणसं शहाणी झाली नाहीत. एक कळ आधी बंद असायची, ती चालू करून ठेवली. पेनड्राइव्हचंही तेच. लावला, त्याच्या चित्रावर डबल क्लिक केलं की आतला व्हायरस सुरू, हे किती वर्षं चाललं? २००८ चा कॉन्फिकर तसाही पसरला. मग विंडोज ७ मध्ये ती सोय काढली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी-व्हिस्टालाही अपडेट देऊन बंद केली. लोकांनी पेनड्राइव्ह वापरणं सोडलं नाही, झेरॉक्सच्या दुकानात जाणंही सोडलं नाही. यंत्राची घडण बदलली. म्हणून मी म्हणते, माणूस सुधारत बसण्यापेक्षा घडण चांगली निवडा."

मला तिचा मुद्दा पटला. वर्गात तीस वर्षं काढलेल्या बाईला हे ठाऊक असतं: 'धावू नका' म्हणून कितीही ओरडलं तरी मुलं जिन्यात धावतात, कठडा उंच केला की पडत नाहीत. पण भाऊ हार मानणारा नव्हता.

"पेनड्राइव्हची गोष्ट अर्धीच सांगितलीस," तो म्हणाला. "ते दार बंद झाल्यावर काय झालं? शॉर्टकट व्हायरस आला. तुझे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवायचे. आपोआप काही होत नाही, तूच 'लग्नाचे फोटो'वर क्लिक करतेस. आणि आता बघ. वेबसाइटवर खोटी पाटी येते: तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. काय करायचं? विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्या पानाने आधीच तुझ्या क्लिपबोर्डवर विषारी ओळ ठेवलेली असते, आणि ती तू स्वतःच्या हाताने चालवतेस. मॅकवाल्यांना तीच पाटी टर्मिनल उघडायला सांगते. यंत्राने जितकी दारं बंद केली तितके चोर माणसाकडे वळले. आता माणूस हेच दार आहे. त्याला तुझं मिंट कुठली कडी लावणार?"

लेक थोडा वेळ बोलली नाही. मग तिने माझी वही ओढली आणि मागच्या पानावर दोन घरं काढली. ती मला समजावून सांगायची असली की चित्र काढते.

"आई, विंडोजमध्ये तुला एखादा प्रोग्रॅम हवा असला, समजा पीडीएफ जोडायचा, तर तू काय करतेस? गुगल करतेस. पहिल्या पानावर दहा वेबसाइट. त्यांतली खरी कुठली? कधी वरची जाहिरातच खोट्या साइटची असते. प्रत्येक वेळी परीक्षा तुझी. मिंटमध्ये एकच कोठार आहे. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव टाकायचं. आतलं सगळं सही-शिक्क्याचं असतं, आणि शिक्का जुळला नाही तर यंत्रच नाकारतं. अपडेटही त्याच कोठारातून, सगळ्यांचे एकदम. तुझी नेटवरून 'सेटअप' उतरवायची सवयच मोडते, कारण गरज पडत नाही. मामाचं तिसरं कारण सगळ्यात जास्त माणसं मारतं, आणि ते इथे जवळजवळ उरत नाही."

"विंडोजलाही स्टोअर आहे."

"आहे. त्यातून किती जण घेतात? तुझ्या दुकानातलं एक यंत्र सांग."

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तिने पुढे नेलं. "दुसरं, नावं. २००० सालच्या मे महिन्यात प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल जगभर फिरली. आयलव्हयू व्हायरस. दिसायला साधी टेक्स्ट फाइल, कारण खरं शेपूट विंडोज लपवून ठेवतं. आज पंचवीस वर्षं झाली, अजूनही नवं विंडोज टाकलं की ती शेपटं लपलेलीच असतात. निमंत्रण-पीडीएफ-ईएक्सई यातलं ईएक्सई दिसतच नाही. लिनक्समध्ये नेटवरून आलेली फाइल नावावरून चालत नाही. तिला चालायची परवानगी वेगळी द्यावी लागते."

"शेपटं मी प्रत्येक यंत्रात दाखवून ठेवतो. पहिलं काम तेच."

"तू ठेवतोस. तुझ्या दुकानात न आलेल्या यंत्राचं काय?"

इथे मला भावाची बाजू घ्यावीशी वाटते. त्याच्या दुकानाचं भाडं काही वर्षं अँटिव्हायरसच्या डब्यांवर निघालं, म्हणून तो विंडोजला धरून आहे असं कोणी म्हणेल. तसं नाही. कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून सुरुवात केली, धाकटे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं, ही गोष्ट त्याच्या पिढीच्या दुरुस्तीवाल्यांना पाठ असते. ते डबे विकताना त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्धा तास बसवून अपडेट कसं करायचं ते शिकवलं आहे. तो आधी माणसाकडे बघतो, यंत्राकडे मागाहून. म्हणून त्याला लेकीच्या बोलण्यात एक धोका दिसत होता, आणि तो त्याने आवाज न चढवता सांगितला.

"तू तिला सांगणार की इथे व्हायरस येत नाही. मग ती सैल होणार. मॅकवाले असेच सैल होते. २०१२ मध्ये फ्लॅशबॅकने सहा लाखांच्या आसपास मॅक धरले, जावातल्या एका भोकातून. ओरॅकलने ते फेब्रुवारीत बुजवलं होतं, मॅकपर्यंत दुरुस्ती पोचायला एप्रिल उजाडला. आणि तुझं मिंट? २० फेब्रुवारी २०१६ ला त्यांच्याच वेबसाइटवर कोणीतरी शिरलं आणि डाउनलोडचा दुवा बदलला. त्या दिवशी ज्याने मिंट उतरवलं त्यातल्या काहींना मागचं दार ठेवलेलं मिंट मिळालं. तुझ्या त्या कोठाराच्या दाराशीच."

"उतरवलेल्या फाइलचा ठसा ताडून बघितला असता तर कळलं असतं."

"ताई ठसा ताडून बघणार?"

"मी बघेन. टाकणार मी आहे." मग ती थोडी खालच्या आवाजात म्हणाली, "पण मामा, तू म्हणतोस त्याहून मोठी गोष्ट २०२४ मध्ये होता होता राहिली. २९ मार्च, गुड फ्रायडे होता. एक्सझेड नावाचं एक छोटं साधन, फाइल दाबून लहान करायचं, बहुतेक लिनक्समध्ये असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मागचं दार बसवलं होतं. बाहेरून घुसून नव्हे. दोन वर्षांहून जास्त काळ त्या कामात मदत करून, विश्वास मिळवून. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला आणि तो मागे लागला, म्हणून उघडं पडलं. आमच्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती होती, आम्ही वाचलो. पण त्या रात्री मी झोपले नाही. सही-शिक्का अस्सल होता रे. शिक्का मारणाराच चोर होता."

भावाने तिच्या पाठीवर हात ठेवला. वाद थांबेल असं वाटलं, पण ती लगेच सावरली. "तरीही. ते दार घराघरात पोचायच्या आत बंद झालं, कारण कोड उघडा होता आणि कोणालाही आत बघता आलं. २०१७ च्या जूनमध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या सुटला, तो इकडे न्हावा-शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प होईपर्यंत थांबला नाही. मर्स्क कंपनीचं होतं ते. अपडेट विषारी निघणं हे सगळीकडे होऊ शकतं. फरक किती लवकर दिसतं याचा आहे."

"आणि चोर कुठे फिरतात याचा," भाऊ म्हणाला. "खरं सांगू? घरच्या यंत्रांत लिनक्सला व्हायरस कमी, याचं मोठं कारण गर्दी. जगातले दहातले सातएक डेस्कटॉप विंडोजवर. चोर गर्दीच्या बाजारात खिसे कापतो, ओस माळावर नाही. तो लिनक्सचा गुण नव्हे."

"नसेना. गुण कोणाचा हे ठरवून मला काय करायचंय? आईच्या घराकडे चोर फिरकत नाही, एवढं मला पुरे आहे."

मला हे तिचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटलं. भावालाही ते आवडलं असावं, कारण त्याने त्याला उत्तर दिलं नाही.

मी तोवर ऐकत होते. आता मी माझा प्रश्न विचारला. तुम्ही दोघं दाराबद्दल, कडीबद्दल बोलता आहात. समजा तरीही एखादा आत शिरला. माझ्या हातूनच शिरला. तर माझ्या ओव्यांना तुमच्यापैकी कोणाचं यंत्र राखेल?

दोघंही गप्प झाले. आधी लेक बोलली.

"कोणाचंच नाही, आई. म्हणजे, जसं आहे तसं ठेवलं तर नाही. विंडोज काय, लिनक्स काय, या सिस्टीम घडल्या तेव्हा काळजी होती की एका माणसाने दुसऱ्याचं बघू नये आणि कोणी मूळ यंत्रणेला हात लावू नये. म्हणून ॲडमिनचा पासवर्ड यंत्रणेची राखण करतो. पण तुझ्या फाइल तुझ्या नावावर आहेत. तू चालवलेला प्रोग्रॅम तुझ्या नावाने चालतो. तुला जे वाचता येतं, पुसता येतं, ते त्यालाही येतं. ओव्या कुलपात घालायला त्याला ॲडमिन व्हावंच लागत नाही. यंत्रणा सुखरूप राहील आणि ओव्या जातील. यंत्रणा मी तासाभरात नवी टाकून देईन. ओव्या कुठून आणू?"

"फोन बरा म्हणायचा मग," मी म्हणाले.

"या बाबतीत खरंच बरा. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला वेगळा माणूस समजतात, वेगळ्या खोलीत ठेवतात. कॅल्क्युलेटरला तुझे फोटो दिसत नाहीत, विचारावं लागतं. घरचा कॉम्प्युटर जुन्या वाड्यासारखा आहे. सगळे एकाच माजघरात."

मग भावाने ती गोष्ट सांगितली, जी मला त्याने आजवर सांगितली नव्हती. २०१९ च्या दिवाळीनंतर शेजारच्या गावचा एक फोटोग्राफर त्याच्याकडे आला होता. लग्नाचे अल्बम करायचं महागडं सॉफ्टवेअर फुकट चालावं म्हणून त्याने नेटवरून क्रॅक उतरवला. सकाळी प्रत्येक फोटोच्या नावामागे एक अनोळखी शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत दिलेत तर निम्मे. स्टॉप नावाच्या रॅन्समवेअरची ती ठरलेली चिठ्ठी होती. त्याच ऑक्टोबरात एम्सिसॉफ्ट कंपनीने त्याच्या जुन्या प्रकारांसाठी मोफत किल्ली काढली होती. भावाने ती लावून बघितली. फोटोग्राफरच्या यंत्रातला प्रकार नवा निघाला.

"अकरा लग्नं होती त्यात," भाऊ म्हणाला. "एका नवरीचे वडील लग्नानंतर महिन्याभरात वारले होते. त्यांचे शेवटचे फोटो. ती पोरगी माझ्या दुकानात येऊन बसली. मी तिला काय सांगू? विंडोज वाईट? क्रॅक वाईट? दुसऱ्या डिस्कवर एक प्रत असती तर मी हसत हसत फॉरमॅट मारलं असतं. म्हणून ताई, तुझ्यासाठी मी आधी प्रत बघतो. सिस्टीम त्याच्यानंतर."

मी त्यांना माझा बॅकअप दाखवला. एक बाहेरची हार्डडिस्क, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. ती कॉम्प्युटरला कायमची जोडलेली होती. मला वाटायचं, जोडून ठेवलेली बरी, विसरायला नको. दोघांचे हात एकाच वेळी त्या तारेकडे गेले, आणि भावाने ती उपटली.

"जोडलेली डिस्क म्हणजे त्याच माजघरातली दुसरी पेटी," लेक म्हणाली. "चोर दोन्ही फोडतो."

पुढचं बोलणं मग वादासारखं राहिलं नाही. लेकीनेच एक अडचण काढली: माझी श्रीलिपी, मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर. ओव्या मी त्याच्या जुन्या फॉन्टांत टाइप केल्या आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. माझी श्रीलिपी विंडोजवरची. लिनक्सवर ती वाइनमधून चालेल का, याची हमी ती देईना. भावाने ही अडचण मघाच हेरली होती, पण तिने स्वतः काढेपर्यंत तो बोलला नव्हता. मला त्याचं हे वागणं फार आवडलं.

"विंडोज १० ला आणखी एक वर्ष मिळतं," तो म्हणाला. "घरगुती गिऱ्हाइकांसाठी. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नाव नोंदवून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवायचा, नाहीतर ३० डॉलर. पण ते नोंदवायला हवं, आपोआप होत नाही. अपडेट वेळेवर टाकणं हलक्यात घेऊ नका. वॉनाक्रायची दुरुस्ती १४ मार्च २०१७ ला आली, वॉनाक्राय आला १२ मे रोजी. दोन महिने होते लोकांच्या हातात. दीडशे देशांतली दोन लाखांवर यंत्रं तरीही गेली."

"त्या वर्षात ओव्या युनिकोडमध्ये आणायच्या," लेक म्हणाली. "कन्व्हर्टर मी बघते. पण फुकट कन्व्हर्टर कुठल्याही साइटवरून घ्यायचा नाही हं, आई. मला विचारल्याशिवाय नाही."

ठरलं ते असं. जुन्या डिस्कवर विंडोज राहील, त्याची नोंदणी भाऊ करेल, आणि त्यावर मी फक्त श्रीलिपीचं काम करीन. रोजचं खातं साधं, ॲडमिनचं वेगळं, आणि ॲडमिनचा पासवर्ड मला ठाऊक असला तरी वहीत भावाच्या पानावर. महत्त्वाचे फोल्डर राखायची विंडोजची एक सोय आहे, अनोळखी प्रोग्रॅमला आत लिहू न देणारी. ती २०१७ च्या शेवटापासून आहे आणि बंदच असते. भावाने ती ओव्यांच्या फोल्डरवर चालू केली. लेकीने कौतुकाने बघितलं. तिलाही ती माहीत नव्हती. दुसऱ्या एसएसडीवर मिंट. बँक, ईमेल, अमेरिकेतल्या मुलाशी व्हिडिओवर बोलणं, बातम्या, सगळं तिथून. मिंटवर प्रिंटर लगेच चालला, आणि भावाने तो कसा चालवला हे लेकीकडून शिकून दुकानासाठी लिहून घेतलं. हार्डडिस्क दोन. एक माझ्या कपाटात, एक भावाच्या घरी, महिन्याला अदलाबदल. आवाजांच्या फाइल मोठ्या असल्याने पहिली प्रत व्हायला रात्रीचे साडेनऊ वाजले.

जेवणं उरकून भाऊ निघायच्या बेतात होता. चप्पल घालता घालता त्याला काहीतरी आठवलं. "तुझं लिनक्स या घरात आज नाही आलं," तो लेकीला म्हणाला आणि टीव्हीच्या कपाटावरच्या राउटरकडे बोट केलं. "ते त्याच्या आधीपासून इथे आहे. बहुतेक राउटरांच्या पोटात लिनक्सच."

"मिराई," लेक म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

मला दोघांनी मिळून सांगितलं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे राउटर आणि कॅमेरे धरले. कुठलंही गुपित भोक त्याला लागलं नाही. कारखान्यातून येणारी साठएक नावं आणि पासवर्ड त्याच्याकडे होते. तेच तो एकेक करून लावत होता. २१ ऑक्टोबरला त्या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या डाइन कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या साइट तासन्‌तास बंद पडल्या. ज्यांच्या घरचे राउटर लढले त्यांना कधी कळलंही नसेल.

लेकीने राउटर उलटा केला. मागच्या चिकटपट्टीवर छापलेलं नाव आणि पासवर्ड, सहा वर्षांपूर्वी माणूस बसवून गेला तेव्हाचेच. भावाने चप्पल काढली. तो परत येऊन बसला.

"नवा पासवर्ड सांग," लेक म्हणाली. "लांब हवा. कोणाला सुचणार नाही असा, पण तुझ्या लक्षात राहील असा."

मी एका ओवीतले पाच शब्द सांगितले, ओळीने नव्हे, इकडचे तिकडचे. तिने टाइप करताना हात थांबवला.

"ही छापलेली नाही ना कुठे?"

"नाही," मी म्हणाले. "ती म्हणणारी बाई गेली. ती माझ्याकडेच आहे."